तिसरा कप

पाच वाजले की दत्ताराम शिगवण तीन कप चहा टाकायचा, आणि त्याची बायको कुंदा ते कप मोजायची.

दोन कप त्यांचे दोघांचे. तिसरा, कमी साखरेचा, तेजलचा. तो कप दत्ताराम दाराजवळच्या स्टुलावर ठेवायचा, वर बशी झाकायचा आणि खुर्ची ओढून बसायचा.

"येईलच एवढ्यात," तो म्हणायचा. "काल म्हणत होती, बाबा, तुमचा चहा म्हणजे निव्वळ पाक."

काल! तेजलला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा भ्रमिष्ट झाला असेल. अजिबात नाही. दत्ताराम त्रेसष्ट वर्षांचा, खणखणीत. चिपळुणात कुणाचं शिलाई मशीन रुसलं, की अजून त्याच्याच दुकानात यायचं. नवी मशीनं आली, स्क्रीन असलेली, स्वतःच टाका मोजणारी, तीही तो उघडून पुन्हा जोडायचा. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वाढदिवस त्याला पाठ. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट चुकीची होती, आणि ती कुंदाने स्वतःच्या तोंडाने तिथे घातली होती.

ते कसं झालं, ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, अकराच्या सुमारास, दुकानात बॉबिन भरता भरता दत्तारामचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडं झालं. गिऱ्हाईक बाईने विचारलं, "काका, काय होतंय?" तर तो म्हणाला, "कात्री पाऊस." बाई शहाणी होती. तिने तडक रुग्णवाहिका बोलावली, आणि दीड वाजेपर्यंत दत्तारामच्या डोक्यात खळ पडलीसुद्धा.

खळ हे आपलं गावाने ठेवलेलं नाव. डॉक्टरांचं नाव भलं लांबलचक आहे. पण दिसायला ते थेट कपड्याला घालायच्या खळीसारखं, पांढुरकं आणि बुळबुळीत. पक्षाघातात मेंदूची एखादी रक्तवाहिनी तुंबते आणि तिच्या जिवावर जगणाऱ्या पेशी पटापट मरतात. मेलेल्यांच्या भोवती अर्धमेल्यांचं कडं असतं. त्यांचं काय होणार, ते पुढच्या काही तासांत ठरतं. आपल्याच शरीरात काही प्रथिनं अशी आहेत, की ती पेशीला सांगतात, मरू नकोस, फांद्या फोड, शेजारणीचा हात धर. त्यांना वाढीचे घटक म्हणतात. रक्तातून दिले तर ते मेंदूच्या वेशीवरच अडतात. म्हणून मग कुणीतरी ते खळीत मिसळले आणि बारीक सुईने थेट मेंदूतल्या जखमेशी नेऊन सोडले. तिथे ती खळ नव्वद दिवस हळूहळू झिरपते. अर्धमेल्या पेशी वाचतात, मेलेल्यांच्या जागी नव्या येतात. लोक काठी टाकून चालायला लागले, मुके झालेले बोलायला लागले.

पण नवी पेशी कोरी असते. तिला फुटलेल्या फांद्यांपैकी ज्या रोज वापरात येतात त्या टिकतात, बाकीच्या वाळून जातात. म्हणून प्रत्येक रोग्याला एक सोबती नेमायचा, असा नियम. घरचंच माणूस. त्याने रोज ठरल्या वेळी यायचं, हात धरून बसायचं आणि बोलायचं. घरच्या गोष्टी, नावं, आठवणी. कुंदाला वेळ मिळाली संध्याकाळी पाचची. फॉर्मवर ठळक लिहिलं होतं, सोबत्याने फक्त घडलेलं सांगावं. कुंदाने ते वाचलं आणि सही केली.

आणि मग कराडला फोन लावला. तेजल तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. सव्वीस वर्षांची, एकुलती एक.

"लवकर ये गं," कुंदा म्हणाली. "वाटेत कुठे थांबत बसू नकोस."

"निघालेच. आई, तू रडू नकोस."

चार वाजता दत्तारामने डोळे उघडले. बराच वेळ ओठ हलवले आणि पहिला शब्द काढला, "ते... जू."

"येतेय," कुंदाने त्याचा हात दाबला. "वाटेत आहे. पाचपर्यंत पोचेल."

हे ती बोलली तेव्हा खरं होतं, हे तिच्या बाजूने लक्षात ठेवा. तेजल तेव्हा स्कूटरवरून कुंभार्ली घाटाच्या वाटेवर होती. पावणेपाचला घाटातल्या धुक्यात, एका वळणावर, समोरून ट्रक आला. साडेपाचला पोलिसांचा फोन आला, आणि तेव्हा कुंदा नवऱ्याचा हात धरून त्याला सांगत होती की आता येईलच.

आपल्याकडे आजारी माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. सगळं गाव रडून घरी गेलं तरी त्याला म्हणायचं, काही नाही हो, तुम्ही आराम करा. दत्तारामची थोरली बहीण मंदाआक्का खेडहून आली ती थेट कुंदाचे खांदे धरून म्हणाली, "खबरदार त्याच्या कानावर घातलंस तर! पोर गेली ती गेली, आता भावाला घालवू नकोस माझ्या."

"आक्का, खोटं बोलायचं नाही असं लिहून घेतलंय."

"डॉक्टरांना काय जातंय लिहायला! माणूस उभा राहू दे. मग सांगू."

कुंदाला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता दत्ताराम पुन्हा "तेजू" म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "काल आली होती ना. तुम्ही झोपला होतात." तिसऱ्या दिवशी तेजलने पेरू आणले. चौथ्या दिवशी तिने तो निळा कुडता घातला होता, आणि चहा फार गोड झाला म्हणून कुरकुरली. तेराव्याचं जेवण उरकून, डोळे धुऊन, कुंदा पाच वाजता सोबतीला बसली आणि हसत म्हणाली, "आज काय झालं माहितीये? तेजूच्या शाळेत उंदीर शिरला!" दत्ताराम वाकड्या तोंडाने खळखळून हसला. नव्वद दिवस हेच. त्या एका तासात तिची लेक जिवंत असायची. कुंदा दिवसभर त्या तासाची वाट बघायला लागली होती, हे तिने आक्कालाही सांगितलं नाही.

एक्क्याण्णवाव्या दिवशी दत्ताराम आपल्या पायांनी घरी आला, आणि दोघींनी त्याला खरं सांगितलं.

तो कोसळला. भिंतीवर डोकं आपटून घेतलं, लहान मुलासारखा रडला, रडून रडून झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला, दुकान उघडलं. पाच वाजता घरी येऊन तीन कप चहा टाकला.

"अहो..." कुंदाने तिसऱ्या कपाकडे बोट केलं.

"काय झालं? काल तेजू म्हणाली, उद्या लवकर येते."

पुन्हा सांगितलं. पुन्हा तो तसाच रडला, जणू आत्ताच कळलं. आणि पुन्हा सकाळी कोरा. एकूण पाच वेळा हे झालं. पाचव्या दिवशी आक्का हात जोडून म्हणाली, "नको गं बाई, रोज मारतोय आपण त्याला." आणि तिने पिशवी भरली.

खळ घालणाऱ्या डॉक्टर समीरा मुकादम यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जुनी फाईल काढली. मग म्हणाल्या, "काकू, फॉर्म वाचला होतात ना?"

"वाचला होता."

"तुमच्या घरात शिलाई मशीनं, म्हणून तसं सांगते. आता तुम्ही त्यांना जे सांगता, तो कच्चा टाका. रात्री झोपेत उसवतो. आणि त्या नव्वद दिवसांत सांगितलंत, ते मशीनने दुहेरी शिवलेलं. तेजल रोज भेटायला येते हे त्यांना आठवतं असं नाही, ते आता तसेच घडलेत. रोज एक नवी भेट त्यांचा मेंदू स्वतःच विणतो." त्या रागावलेल्या होत्या, पण चष्मा पुसता पुसता म्हणाल्या, "माझ्या नानीला आम्ही मामूच्या मयताची खबर दोन महिने दिली नव्हती. मला तुम्हाला काही बोलायचा हक्क नाही."

मग काय, दिवस जायला लागले. कुंदाने सांगणं सोडलं. तिसरा कप रोज निवायचा आणि मोरीत ओतला जायचा. पहिले काही महिने ती त्या वेळी परसात जाऊन उभी राहायची. मग स्वयंपाकघराच्या दारात. मग एके दिवशी, भांडी विसळता विसळता, तिच्या तोंडून निघून गेलं, "आज काय म्हणाली?"

दत्ताराम खुलला. "दहावीचे पेपर तपासतेय म्हणे. एका पोराने लिहिलंय, बेडूक दोन्हीकडे राहतो कारण त्याला भाडं द्यावं लागत नाही."

कुंदा हसली. हसली आणि मग नळ बंद करून त्याच्याकडे वळली. कारण हे तिने त्याला कधीच सांगितलेलं नव्हतं.

तरी तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आणि तिसऱ्या दिवशी. तेजलने केस कापले. तेजलला दातदुखी झाली. एकदा दत्ताराम चहाचा घोट घेऊन सहज म्हणाला, "तेजू म्हणत होती, आईला सांगा, तू घाई केली नव्हतीस. मीच जोरात आले."

कुंदाच्या हातातलं ताट खाली पडलं. त्या फोनवर आपण लेकीला घाई केली, हे तिने जगात कुणाला सांगितलं नव्हतं. आक्काला नाही, पोलिसांना नाही. मग कितीतरी वेळाने तिला आठवलं, की त्या नव्वदातल्या एका संध्याकाळी तो झोपलाय असं समजून ती त्याच्या उशाशी डोकं टेकून बडबडली होती, मी का म्हटलं लवकर ये, मी का म्हटलं. त्याच्या नव्या पेशींनी तेवढंही उचललं होतं आणि तिची लेक होऊन तिला परत दिलं होतं. हे सगळं तिला कळलं. कळूनसुद्धा तिला वाटलं, पोरीने माफ केलं.

तेजलच्या श्राद्धाची दुसरी तिथी आली. कुंदाने एकटीने स्वयंपाक केला. तेजलला आवडायचं म्हणून फणसाची भाजी केली. परसात कावळ्यासाठी पान ठेवलं आणि कठड्याला टेकून उभी राहिली. दत्ताराम दुकानातून जेवायला आला. पान बघून म्हणाला, "कुणाचं गं आज?"

कुंदा कावळ्याची वाट बघत राहिली.

"बरं झालं, फणस केलास. थोडी भाजी काढून ठेव. तेजू येईल पाचला."

तो शीळ घालत हातपाय धुवायला गेला. कुंदा तशीच उभी राहिली. कावळा आला, शिवला, गेला. नवरा मेलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवणारं कुणीतरी असायचं. हिचा नवरा चांगला धडधाकट होता, शीळ घालत होता, आणि दोघांची मिळून एकुलती एक लेक गेली त्याचं दुःख मात्र हिच्या एकटीच्या गळ्यात. मला माझ्याबरोबर रडायला माणूस पाहिजे, ती स्वतःशी म्हणाली. मला माझा नवरा परत पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांसमोर बसली होती.

"दुसऱ्यांदा खळ घालता येते," डॉक्टर मुकादम म्हणाल्या. "त्याच जागी, थोडी. पुन्हा नव्वद दिवस ती जागा कोवळी होईल. तेवढ्यात खरं शिवून घ्यायचं. पण रोज, काकू. त्याच वेळी, त्याच शब्दांत, तुमच्याच आवाजात. पहिले कितीतरी दिवस ते रोज पहिल्यांदाच ऐकतील. उजव्या हाताला थोडा कंप राहू शकतो. आणि अजून एक सांगते, सोबत्यालाही डोकं असतं. रोज बोलून बोलून बोलणाऱ्याच्याही मेंदूत वाट पडते, त्याला औषध लागत नाही. तुमच्यात आधीच एक पडलेली आहे. जपा."

कुंदाने मान हलवली. तिचं लक्ष पहिल्या अर्ध्या वाक्यातच अडकलं होतं.

दत्तारामची संमती हवी होती. त्या संध्याकाळी तिने त्याला बसवून सगळं सांगितलं. तो रडला, आणि मग नाक पुसून म्हणाला, "हे मी किती वेळा ऐकलंय?"

"सहावी वेळ."

"आणि उद्या मला काही आठवणार नाही?"

"नाही."

"माझी पोर मेली आणि मी इथे बसून चहा पितो? आण तो कागद." त्याने सही केली, आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, मी नको म्हटलं तरी ऐकू नका.

खळ पडली, आणि थोडीच असल्याने त्याला लगेच घरी सोडलं. पाच वाजले. कुंदाने त्याचा हात धरला आणि ठरवलेली वाक्यं म्हटली.

"तेजल गेली. तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी, घाटात, पावणेपाच वाजता. ती आपल्याकडेच येत होती. मी आहे."

चौथ्या दिवशी त्याने कप भिंतीवर फेकला आणि तिला "कैदाशिणी" म्हणाला. तिने त्याला त्याची सही दाखवली. अकराव्या दिवशी त्याने विचारलं, तिला लागलं का फार? विसाव्या दिवशी म्हणाला, "खोटं. मला तिच्या चपलांचा आवाज येतोय." कुंदाने दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिने बघितलं. रोज पाच वाजता स्वतःच्या पोरीला स्वतःच्या तोंडाने मारायचं, असं तिला वाटायला लागलं. एकदा तर ती वाक्यं म्हणण्याआधी मनातल्या मनात म्हणाली, तेजू, जरा बाहेर थांब गं, बाबांना एवढं सांगून होऊ दे.

सत्तेचाळिसाव्या दिवशी दत्तारामने दोनच कप काढले आणि हातात तिसरा घेऊन नुसता उभा राहिला. हा कशाला, ते त्याला सांगता येईना.

त्रेसष्टाव्या दिवशी कुंदाने तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. मी सांगतो." आणि तिचा हात धरून तो सगळं म्हणाला, शब्दन् शब्द. मग दोघं जमिनीवर बसली आणि गळ्यात गळा घालून रडली. एवढं रडली, की शेजारची सकपाळ वहिनी धावत आली. दोन वर्षं कुंदा या रडण्याची वाट बघत होती. तिला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढची तिथी दोघांनी मिळून केली. दत्तारामने स्वतः फणस चिरला, हाताला तेल लावून, सावकाश, कारण हात खरंच कापायला लागला होता. पान त्यानेच ठेवलं. घाटातल्या त्या वळणावर जाऊन दोघं नारळ ठेवून आली. घरी आल्यावर त्याने तेजलचा फोटो भिंतीवर लावला आणि हार घातला. तो फोटो इतके दिवस कपाटात होता.

"बरं केलंस गं कुंदा," तो म्हणाला. "नाहीतर पोर उपाशीच राहिली असती माझी."

त्यानंतर दोनेक महिने गेले असतील. दत्ताराम ओटीवर एक मशीन खोलून बसला होता. हात कापत असल्याने आता चहा कुंदा टाकायची. पाच वाजले. चहाचा वास आला. कपबश्यांचा आवाज झाला.

"अहो," कुंदाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आज आलं घातलंय. तेजूला विचारा, तिला चालेल ना?"

बाहेर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. 

दत्ताराम आत आला. ओट्यावर तीन कप होते, एकावर बशी झाकलेली. त्याने आधी गॅस बंद केला. मग तिला पाटावर बसवलं, समोर बसला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. कुंदाला कळेना, हा असा का बघतोय. इतक्या मायेने तर त्याने लग्नातही बघितलं नव्हतं.

"तेजल गेली," तो म्हणाला. "मी आजारी पडलो त्या दिवशी, घाटात, पावणेपाच वाजता. ती आपल्याकडेच येत होती. मी आहे."

कुंदाला ही वाक्यं ओळखीची वाटली. तिचीच होती ती. अर्थही कळत होता. भिंतीवरचा फोटो दिसत होता, त्यावरचा हार दिसत होता, त्या वळणावरचा नारळ आठवत होता. कुणी तिच्या डोक्यात खळबिळ काही घातलेलं नव्हतं.

"हो, माहितीये मला," ती म्हणाली. तिने हात सोडवून घेतला, डोळ्यांना पदर लावला आणि हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं, "पण मग आत्ता दारात चपला कुणी काढल्या?"

दत्तारामने दाराकडे बघितलं नाही. त्याची मान तिकडे वळता वळता थांबली, ते कुंदाने पाहिलं. त्याने तिचा हात पुन्हा धरला, घट्ट, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.